लाल शाळाघर आणि विस्कॉन्सिनचा कौल

१८९० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या मतदारांनी रिपब्लिकन गव्हर्नर विल्यम हॉर्ड यांना घरी बसवलं. हॉर्ड यांच्यावर कुठल्या घोटाळ्याचा आळ नव्हता. ते मूळचे पत्रकार. फोर्ट ॲटकिन्सन या गावातून दूधधंद्याला वाहिलेलं नियतकालिक चालवायचे, आणि गव्हाने जमिनीचा कस गेला, आता गाई पाळा, असं शेतकऱ्यांना कळकळीने सांगायचे. विस्कॉन्सिनला पुढे अमेरिकेचं दूधराज्य म्हणून जी ओळख मिळाली, तिचं बरंचसं श्रेय त्यांच्याकडे जातं. असा माणूस पडला तो शाळेच्या एका कायद्यापायी. मुलांनी शाळेत काय शिकावं आणि कुठल्या भाषेत शिकावं हे आई-बापांनी ठरवायचं की सरकारने, या प्रश्नावर एका राज्याचं सरकार उलथलं. या घटनेचा सरधोपट अर्थ असा लावला जातो, की सरकार घरात घुसलं आणि पालकांनी त्याला धडा शिकवला. मला तो अर्थ अपुरा वाटतो. शाळेचा प्रश्न मतपेटीपर्यंत जातो तेव्हा आतून बाहेर येतं ते अभ्यासक्रमाविषयीचं मत नसतं. कुठल्या पालकांच्या पाठीशी उभी संघटना आहे आणि त्यांचा सरकारवर किती अविश्वास आहे, याचं ते मोजमाप असतं. ज्या पालकांमागे कुणी उभं नसतं ते त्या मोजणीत येतच नाहीत. विस्कॉन्सिनची हकिगत नीट पाहिली तर हे दिसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कॉन्सिन हे स्थलांतरितांचं राज्य होतं. १८९० च्या सुमारास तिथल्या लोकसंख्येत परदेशात जन्मलेले किंवा परदेशी आई-बापांच्या पोटी जन्मलेले लोक जवळपास तीन-चतुर्थांश होते. त्यांत जर्मन सर्वांत जास्त, मग नॉर्वेजियन, आयरिश, पोलिश. मिलवॉकी शहरात तर जर्मन वर्तमानपत्रं, जर्मन नाटकं, जर्मन बिअरच्या भट्ट्या, सगळंच होतं. हे जर्मन एका मताचे नव्हते. काही लुथरन, काही कॅथलिक, काही धर्मच न मानणारे. पण लुथरन आणि कॅथलिक या दोघांनीही आपापल्या चर्चच्या शाळा स्वतःच्या खिशातून उभ्या केल्या होत्या. सरकारी शाळेसाठी कर भरायचा आणि वर चर्चच्या शाळेची वर्गणीही भरायची, असा दुहेरी भार ही कुटुंबं वर्षानुवर्षं सोसत होती. या शाळांत धर्मशिक्षण जर्मनमध्ये होई आणि इतरही बरेच विषय जर्मनमध्ये. शाळेचा मास्तर बहुधा चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. शाळा, भाषा आणि धर्म यांची वीण इतकी घट्ट होती, की एक धागा ओढला की बाकीचे ओढले जाणारच. राज्यकर्त्यांना याचा एकदा अनुभव आलेला होता. १८७२ मध्ये रिपब्लिकनांनी दारूविक्रीवर कडक निर्बंध घालणारा ग्रॅहम कायदा केला आणि पुढच्याच वर्षी जर्मन मतदारांनी त्यांचा गव्हर्नर पाडला. तो धडा पंधरा वर्षांत विसरला गेला.

विसर पडायला कारणंही होती. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेच्या वेळी बाँब फुटला, आणि दुसऱ्याच दिवशी मिलवॉकीच्या बे व्ह्यू भागात आठ तासांच्या दिवसासाठी संप करणाऱ्या, मुख्यतः पोलिश असलेल्या कामगारांवर राज्याच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. इंग्रजी न येणारा कामगार म्हणजे उद्याचा दंगलखोर, ही भीती मध्यमवर्गात पसरली. दुसरीकडे बालमजुरीविरुद्धची सुधारणावादी चळवळ जोर धरत होती. १८७९ पासून राज्यात सक्तीच्या हजेरीचा कायदा होता, पण तो कागदावरच. त्यामुळे जानेवारी १८८९ मध्ये गव्हर्नरपदाची सूत्रं घेताना हॉर्ड यांनी प्रत्येक मुलाला इंग्रजी वाचता-लिहिता आलं पाहिजे असा कायदा करण्याची शिफारस केली, तेव्हा तिच्यामागे भीती आणि सदिच्छा दोन्ही होत्या. खासगी शाळांनी सरकारला आपली आकडेवारी कळवावी असं एक विधेयक त्याच अधिवेशनात आलं होतं. त्यावर लुथरनांनी ओरड केली आणि ते बारगळलं. त्या गडबडीत मायकल बेनेट या डॉजव्हिलच्या आमदाराचं विधेयक मात्र फारशी चर्चा न होता संमत झालं आणि एप्रिल १८८९ मध्ये त्यावर सही झाली. गंमत म्हणजे बेनेट स्वतः कॅथलिक होते.

कायद्यातलं बहुतेक सगळं आज कुणालाही पटेल असं होतं. सात ते चौदा वर्षांच्या मुलाने वर्षातून किमान १२ आठवडे शाळेत गेलं पाहिजे, लहान मुलांना कारखान्यांत राबवण्यावर बंधनं, हयगय करणाऱ्या पालकांना दंड. वाद पेटला तो पाचव्या कलमावरून. वाचन, लेखन, गणित आणि अमेरिकेचा इतिहास हे विषय ज्या शाळेत इंग्रजीतून शिकवले जात नाहीत तिला या कायद्यापुरती शाळा समजलं जाणार नाही, असं ते कलम होतं. म्हणजे रोज चर्चच्या शाळेत जाणारं मूल कायद्याच्या नजरेत गैरहजर आणि त्याचा बाप गुन्हेगार. आणखी एक तरतूद होती, जिच्याकडे नंतरच्या इतिहासलेखनात जरा कमीच लक्ष गेलं: मुलाने आपण राहतो त्याच शाळा-हद्दीतल्या शाळेत जायचं. सरकारी शाळांच्या हद्दी नकाशावर आखलेल्या होत्या, चर्चचा परिसर मात्र भाविक जिथे राहतात तिथपर्यंत पसरलेला. हद्दीपलीकडच्या लुथरन शाळेत दोन मैल चालत जाणारा मुलगा इंग्रजीत कितीही तरबेज असला तरी कायदा मोडतच होता. ही तरतूद निष्काळजीपणे लिहिली गेली असेल, पण ज्यांना ती लागू होणार त्यांनी ती निष्काळजीपणा म्हणून वाचली नाही. आपल्या शाळा बंद पाडण्याची ही पहिली पायरी आहे, असंच त्यांनी मानलं.

१८८९ च्या उन्हाळ्यापासून लुथरन परिषदांमध्ये निषेधाचे ठराव होऊ लागले, समित्या नेमल्या गेल्या, पत्रकं निघाली. त्यांचा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. इंग्रजी नको असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. आमच्या बहुतेक शाळांत इंग्रजी शिकवलंच जातं, ते आम्हालाही हवं आहे, पण ते किती आणि केव्हा शिकवायचं हे आम्ही ठरवू, कारण शाळा आमची, पैसा आमचा आणि मूल आमचं, असं त्यांचं म्हणणं. मार्च १८९० मध्ये मिलवॉकी, ला क्रॉस आणि ग्रीन बे इथल्या तिन्ही कॅथलिक बिशपांनी संयुक्त पत्रक काढून कायदा अनावश्यक, अन्यायकारक आणि आई-बापांच्या हक्कांवर घाला घालणारा असल्याचं जाहीर केलं. लुथरन आणि कॅथलिक ही तीन शतकांची वैरी मंडळी. ती एका व्यासपीठाच्या इतकी जवळ आली हेच मोठं नवल होतं. जूनमध्ये मिलवॉकीत कायद्याच्या विरोधकांची राज्यपातळीवरची परिषद भरली.

बिशपांच्या पत्रकानंतर आठवड्याच्या आतच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात निकाल दिला. एजरटन या छोट्या गावातल्या सरकारी शाळेत रोज बायबल वाचलं जाई, तेही प्रॉटेस्टंटांचं किंग जेम्स भाषांतर. काही कॅथलिक पालकांनी त्याला हरकत घेतली. न्यायालयाने एकमताने सांगितलं, की हे राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेलं सांप्रदायिक शिक्षण आहे, ते बंद करा. इंग्रजीभाषक प्रॉटेस्टंट समाज हादरला. एकाच आठवड्यात आपल्या शाळेतून बायबल हद्दपार झालं आणि जर्मनांच्या शाळेत इंग्रजी न्यायलाही विरोध होतो आहे, असं त्यांना वाटलं. पण आपल्या मुद्द्यासाठी एजरटनचं महत्त्व दुसरंच आहे. या पालकांना वाचवायला स्वतःची शाळा नव्हती. त्यांची मुलं सरकारी शाळेतच शिकत होती आणि गावात ते अल्पसंख्य होते. शाळेत काय शिकवलं जाईल यावर पालकांचा शब्द चालल्याचं त्या वर्षातलं खरंखुरं उदाहरण हेच, कारण इथे प्रत्यक्ष वर्गात चालणारी एक गोष्ट बदलली. निवडणुकीच्या प्रचारात मात्र या पालकांचा झेंडा कुणी खांद्यावर घेतला नाही. मतांच्या हिशेबात ते अडचणीचेच होते.

आता प्रचाराकडे. कायद्याच्या समर्थकांनी लाल रंगाचं छोटं शाळाघर हे आपलं चिन्ह केलं. खेड्यातली एका खोलीची सरकारी शाळा, तिच्यामागे उभे राहा, अशी हाक. मिलवॉकीचं ‘सेंटिनेल’ हे रिपब्लिकन वर्तमानपत्र कायद्याची बाजू रोज लढवत होतं. हॉर्ड यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता. आई-बाप आणि पाद्री मिळून मुलांना अंधारात ठेवत आहेत आणि राज्याने त्या मुलांची बाजू घेतली पाहिजे, असा सूर त्यांनी भाषणांत लावला. त्यात तथ्य कितीही असो, ज्याच्याकडे मत मागायचं त्याच्याच तोंडावर तू पोरांचा शत्रू आहेस म्हणणं ही राजकारणातली घोडचूक. पक्षातल्या मुरलेल्या मंडळींना ती दिसत होती. ऑगस्टमध्ये पक्षाने हॉर्ड यांनाच पुन्हा उमेदवारी दिली, पण जाहीरनाम्यात कायद्यात दुरुस्ती करण्याची तयारीही दाखवली. एकीकडे ताठा, दुसरीकडे माघार. दोन्हींचा तोटा पदरात पडला.

डेमोक्रॅटांनी उमेदवार दिला तो जॉर्ज पेक. हे गृहस्थ विनोदी लेखक. ‘पेक्स बॅड बॉय’ नावाने त्यांनी लिहिलेल्या गोष्टींनी देशभर धमाल उडवून दिली होती. त्यांतला कार्टा आपल्या बापाला नाना खोड्यांनी जेरीस आणतो, आणि बाप दरवेळी फजित होतो. पोराने बापाची खोड मोडण्याच्या गोष्टी विकून नाव कमावलेला लेखक आता बापांच्या हक्काचा कैवारी झाला. एप्रिल १८९० मध्ये पेक मिलवॉकीचे महापौर म्हणून निवडून आले आणि तिथून थेट गव्हर्नरपदाच्या शर्यतीत. नोव्हेंबरात त्यांना सुमारे १ लाख ६० हजार मतं पडली, हॉर्ड यांना सुमारे १ लाख ३२ हजार. विधिमंडळ डेमोक्रॅटांकडे गेलं. राज्यातून काँग्रेसवर जाणाऱ्या नऊ जागांपैकी आठ त्यांनी घेतल्या. पडलेल्यांत रॉबर्ट ला फॉलेट हा पुढे देशभर गाजलेला तरुण नेताही होता. १८९१ मध्ये बेनेट कायदा रद्द झाला.

शाळेच्या कायद्याने सरकार पडलं, या म्हणण्यावर पहिली आणि सर्वांत वजनदार हरकत अशी, की १८९० मध्ये रिपब्लिकन पक्ष देशभरच आपटला. रिपब्लिकन नेते विल्यम मॅकिन्ली यांच्या आयात-जकातीच्या कायद्याने महागाई वाढणार या भीतीने पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ९० हून अधिक जागा घालवल्या, खुद्द मॅकिन्ली ओहायोत पडले. मग विस्कॉन्सिनचं खापर एका शाळेच्या कायद्यावर का फोडायचं? पराभवानंतर सिनेटर जॉन स्पूनर यांनी खासगी पत्रात सगळा दोष शाळेच्या कायद्याला दिला होता हे खरं, पण सिनेटर तेव्हा विधिमंडळच निवडत असे, आणि नव्या विधिमंडळामुळे त्यांची स्वतःची जागा जाणार होती. दुखावलेल्या माणसाची साक्ष पूर्ण ग्राह्य धरता येत नाही. तेव्हा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो, आणि तो सापडतो. मिलवॉकीची महापौरपदाची निवडणूक एप्रिलमध्ये झाली, जकातीच्या कायद्यावर सही व्हायला तेव्हा सहा महिने अवकाश होता. आणि त्या शहरी निवडणुकीतला ठळक मुद्दा बेनेट कायदा हाच होता. दुसरा पुरावा मतांच्या बेरजेत आहे. १८८८ मध्ये हॉर्ड यांना सुमारे १ लाख ७५ हजार मतं मिळाली होती आणि त्यांच्या डेमोक्रॅट प्रतिस्पर्ध्याला १ लाख ५५ हजार. म्हणजे दोन वर्षांत डेमोक्रॅटांची मतं पाचएक हजारांनी वाढली, रिपब्लिकनांची मात्र ४० हजारांहून जास्त घटली. अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या मधल्या वर्षात मतदान कमी होतंच, त्यामुळे सगळी घट रागाची म्हणता येणार नाही. पण ती एकाच पक्षाच्या वाट्याला इतकी यावी हे बोलकं आहे. काहींनी पक्ष बदलला, पुष्कळ घरीच बसले. इतिहासकारांनी गावनिहाय आकडे तपासले तेव्हा सर्वांत मोठी पडझड जर्मन लुथरन वस्त्यांत आढळली. नॉर्वेजियन वस्त्या बऱ्याच अंशी टिकून राहिल्या. काँग्रेसमध्ये वाचलेला एकमेव रिपब्लिकन, निल्स हॉगेन, नॉर्वेत जन्मलेला होता. जकातीचा फटका जर्मनांना जास्त आणि नॉर्वेजियनांना कमी बसावा असं काही कारण नव्हतं. डेमोक्रॅट नेते विल्यम विलस यांनी तर जकात आणि शाळा एकाच सुतात गुंफली: एका कायद्याने सरकार तुमच्या खिशात हात घालतं, दुसऱ्याने तुमच्या घरात. मतदाराला दोन मुद्दे वेगळे दिसलेच नाहीत, म्हणून त्यांची वाटणी करत बसण्यातही मर्यादेपलीकडे हशील नाही.

दुसरी हरकत उलट बाजूची. पालकांचं नाव पुढे केलं गेलं, पण लढले पाद्री; अनुयायांनी धर्मगुरूंचा आदेश पाळला, यात पालकांचा हक्क कुठे आला? यातला निम्मा भाग मला मान्य आहे, किंबहुना तोच माझा मुद्दा आहे. प्रत्येक रविवारी भरणारी सभा, गावोगावी पोहोचणारी जर्मन वर्तमानपत्रं, वर्गणी गोळा करण्याची घडी बसलेली यंत्रणा हे सगळं चर्चकडे तयार होतं. त्याशिवाय हा राग मतांत उतरला नसता. पण उरलेला निम्मा भाग मान्य नाही. बिशपांच्या कितीतरी आधीपासून लुथरनांचा विरोध सुरू होता, आणि लुथरनांवर बिशपांचा हुकूम चालत नाही. वर्षानुवर्षं दुहेरी भार सोसून जी शाळा चालवली तिला सरकार शाळाच मानत नाही, हा अपमान कुणी शिकवावा लागत नाही. गोव्यातला प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा आणि अनुदानाचा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ही घडण ओळखीची वाटेल. तिथेही पालकांच्या निवडीचा हक्क सांगणारे एका बाजूला आणि कोकणी-मराठीचा कैवार घेणारे दुसऱ्या बाजूला असे संघटित गट उभे राहिले आणि २०१२ व २०१७ च्या निवडणुकांवर त्याची छाया पडली.

तिसरी हरकत हॉर्ड यांची स्वतःची, आणि ती सहज झटकून टाकण्यासारखी नाही: आई-बापांचा हक्क तुम्ही मोजलात, मुलाचा कुणी मोजायचा? इंग्रजी न येणाऱ्या मुलाला मोठेपणी कोर्टात, बाजारात, कारखान्यात अडचण येणार होतीच. इथे हॉर्ड यांची चूक हेतूत नव्हती, अंदाजात होती. इंग्रजी त्या शाळांत येतच होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तर जर्मन भाषा तिथून वेगाने मागे पडली, आणि त्यासाठी बेनेट कायद्याची गरज पडली नाही. ज्या मुलांना कायद्याची खरोखर गरज होती ती निराळीच होती. गिरणीत, विटांच्या भट्टीवर, सिगार वळण्याच्या खोलीत काम करणारी, कुठल्याच शाळेत न जाणारी. त्यांच्या आई-बापांना मुलांची मजुरी हवी होती, त्यांच्या बाजूने ना चर्च बोललं, ना लाल शाळाघरवाले फारसे बोलले. दीड वर्ष राज्यभर घमासान चाललं ते पाचव्या कलमावरून. बालमजुरीची कलमं कोपऱ्यात पडून राहिली. त्यांची आठवण ठेवली ती हम्फ्री डेस्मंड यांनी. ते कॅथलिक वृत्तपत्राचे संपादक, एजरटनच्या पालकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील आणि नव्या विधिमंडळाचे सदस्य. बेनेट कायद्याच्या जागी त्यांनी सक्तीच्या हजेरीचा नवा कायदा आणला, भाषेचं कलम वगळून. विजयाच्या जल्लोषात हे शांतपणे झालं.

एवढ्यावरून मतपेटी नेहमी पालकांच्याच बाजूने जाते असं कुणी म्हणेल, तर ऑरेगनकडे पाहावं. इलिनॉयमध्ये विस्कॉन्सिनसारखंच घडलं. तिथल्या तशाच एडवर्ड्स कायद्याविरुद्ध लुथरन आणि कॅथलिक एकवटले, १८९२ मध्ये जर्मनीत जन्मलेले जॉन पीटर आल्टगेल्ड गव्हर्नर झाले आणि कायदा गेला. ऑरेगनमध्ये ३० वर्षांनी बरोबर उलटं झालं. नोव्हेंबर १९२२ मध्ये तिथल्या मतदारांनी थेट जनमतानेच कायदा केला, की ८ ते १६ वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे. कू क्लक्स क्लान ही वर्णवर्चस्ववादी संघटना त्या मोहिमेत पुढे होती, रोख कॅथलिक शाळांवर होता. त्याच दिवशी क्लानचा पाठिंबा असलेले वॉल्टर पिअर्स गव्हर्नर म्हणून निवडून आले, क्लानला विरोध करणारे विद्यमान गव्हर्नर पडले. या कायद्याला मत देणाऱ्यांत हजारो आई-बाप असणारच. त्यांनी दुसऱ्या आई-बापांचा हक्क मतदानाने काढून घेतला. विस्कॉन्सिनमध्ये संघटित गट चर्चच्या शाळांच्या बाजूने होता, ऑरेगनमध्ये विरुद्ध, फरक इतकाच. शेवटी न्यायालयच मध्ये पडलं. नेब्रास्कात लहान मुलाला जर्मन शिकवल्याबद्दल एका लुथरन शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला होता, तो १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९२५ मध्ये ऑरेगनचा कायदाही घटनाबाह्य ठरवला. मूल ही केवळ राज्याची निर्मिती नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पालकांना हा हक्क टिकाऊ स्वरूपात मिळाला तो असा, बहुमताच्या विरोधात.

आपल्या डोळ्यांदेखत झालेलं उदाहरण व्हर्जिनियाचं. सप्टेंबर २०२१ मध्ये गव्हर्नरपदाच्या वादसभेत डेमोक्रॅट उमेदवार टेरी मॅकऑलिफ म्हणून गेले, की शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये असं मला वाटतं. वाक्याला मागचा संदर्भ होता. अभ्यासातल्या पुस्तकांत लैंगिक वर्णनं असतील तर पालकांना आगाऊ कळवा, अशी सक्ती करणारं विधेयक त्यांनी आधीच्या कारकिर्दीत नकाराधिकाराने रोखलं होतं. त्या वादाच्या मुळाशी टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी होती. प्रतिस्पर्धी ग्लेन यंगकिन यांनी ते वाक्य उचललं, सभांतून पालकांच्या नावाच्या पाट्या झळकल्या आणि सुमारे दोन टक्क्यांच्या फरकाने ते जिंकले. वर्षभरापूर्वी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याच राज्यात डेमोक्रॅट जो बायडन दहा टक्क्यांनी पुढे होते. शाळेने निवडणूक फिरवली, असा निष्कर्ष दुसऱ्या दिवशीच निघाला. पण विस्कॉन्सिनसाठी लावली तीच कसोटी इथे लावली तर निष्कर्ष डळमळतो. शाळा-मंडळांच्या बैठकांत सर्वाधिक रणकंदन झालं ते लाउडन काउंटीत, जिथे भारतीय वंशाची कुटुंबंही मोठ्या संख्येने राहतात. तिथे डेमोक्रॅटांची आघाडी बायडन यांच्या सुमारे २५ टक्क्यांवरून ११ वर आली, म्हणजे १४ ची घसरण, राज्यभरच्या १२ पेक्षा थोडीच जास्त. आणि असं कुठलंही वाक्य न उच्चारलेल्या न्यू जर्सीत त्याच रात्री डेमोक्रॅटांची आघाडी १६ वरून जेमतेम ३ वर आली. विस्कॉन्सिनमधला जर्मन लुथरनांचा उठाव नकाशावर वेगळा उठून दिसतो, व्हर्जिनियातला पालकांचा उठाव तितका दिसत नाही. देशभरच वारा फिरला होता. शाळेच्या मुद्द्याने त्याला नाव दिलं. फरक का, तर १८९० मध्ये प्रत्येक गावात एक विशिष्ट शाळा बंद पडण्याची भीती होती. २०२१ मधला राग करोनाकाळात बंद राहिलेल्या शाळा, मास्क, वंशविषयक इतिहासाचे धडे, नामांकित थॉमस जेफरसन शाळेतली प्रवेशपरीक्षा रद्द होणं, अशा अनेक तक्रारींची मोट होती, आणि त्यांतल्या बऱ्याच तक्रारींची एकमेकींशी ओळखसुद्धा नव्हती. यंगकिन यांनी पदावर येताच पहिला आदेश काढला तो शाळांत ‘फूट पाडणाऱ्या संकल्पना’ शिकवू नयेत असा. शिक्षकांविषयी तक्रारी कळवण्यासाठी पालकांना एक ई-मेल पत्ताही दिला. तो त्याच वर्षात गाजावाजा न करता बंद झाला. इतिहासाचा नवा अभ्यासक्रम ठरवताना खुद्द त्यांनी नेमलेल्या सदस्यांचं बहुमत असलेल्या मंडळाला पहिला मसुदा बाजूला ठेवावा लागला. २०२३ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटांना बहुमत मिळालं.

विस्कॉन्सिनमध्ये हा प्रश्न पुन्हा मोठा होऊन उभा राहिला तो १९७२ मध्ये, तोही मतपेटीबाहेर. ग्रीन काउंटीतल्या न्यू ग्लॅरस इथल्या, आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं बंद केलं. राज्याच्या कायद्याने १६ व्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती. प्रत्येक बापाला पाच डॉलर दंड झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळं मत नोंदवलं: पंधरा वर्षांच्या मुलाला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचं असेल तर? त्याला शाळा सुटावी असं वाटतं का, हे आधी त्यालाच विचारा. बाकीच्या न्यायमूर्तींनी मुलं या खटल्यात पक्षकार नाहीत, असं म्हणून तो प्रश्न बाजूला ठेवला.